किरणोपचार आणि डोळ्यांचे रक्षण

ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की पाथर्डीत गाड्यांची डागडुजी सुरू होते. वेल्डिंग करणारा कारागीर काळ्या काचेआड डोळे धरतो आणि रस्त्याने जाणारे आपण मान फिरवतो. प्रखर उजेडापासून डोळा वाचवणे कोणी शिकवावे लागत नाही. पापणी आपणहून मिटते. कर्करोगावर वापरतात ते किरण मात्र डोळ्यांना दिसत नाहीत, मिटल्या पापणीने अडत नाहीत आणि काळ्या काचेलाही जुमानत नाहीत. म्हणून चेहऱ्यावर ‘शेक’ किंवा ‘लाइट’ द्यायची म्हटले की, दृष्टी तर जाणार नाही ना, ही शंका घरोघर निघते. ती रास्त आहे; तिचे उत्तर देण्याचा आम्ही येथे प्रयत्न करतो.

रॉन्टगेनने क्ष-किरण शोधले १८९५ साली. आपल्याकडे मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्टचे यंत्र देशातच तयार केले. यंत्रे बदलली, पण डोळ्याचा प्रश्न तोच राहिला.

डोळ्यात सर्वांत नाजूक ते भिंग. त्यातील बिघडलेल्या पेशींना बाहेर पडायला वाट नसते. त्या आतच साचतात आणि काही महिन्यांनी वा वर्षांनी मोतीबिंदू होतो. आंतरराष्ट्रीय किरणसंरक्षण आयोगाने २०११ साली भिंगासाठी धोक्याची पातळी अवघी अर्धा ग्रे ठरवली. तोंडाच्या किंवा जबड्याच्या कर्करोगाला तर साठ-सत्तर ग्रे द्यावे लागतात! दृष्टिपटल आणि दृष्टिमज्जा यांची सहनशक्ती पुष्कळ अधिक, सुमारे पन्नास ग्रेपर्यंत. परंतु मोतीबिंदू काढता येतो, मज्जेची हानी भरून येत नाही.

मग ढाल कशाची करावी? रोग पापणीच्या कातडीवर असेल, तर डोळ्यात बधिर करणारे थेंब घालून पापणीखाली शिशाची किंवा टंगस्टनची लहानशी वाटी बसवतात. उथळ जाणाऱ्या किरणांना काही मिलिमीटर धातू पुरतो. खोल जाणाऱ्यांचे तसे नाही. कोबाल्टच्या किरणांचा जोर निम्मा करायला सुमारे सव्वा सेंटिमीटर शिसे लागते. असे पाच थर दिले तरी तीन टक्क्यांच्या आसपास किरण पार होतातच. एवढे ओझे चेहऱ्यावर कसे ठेवणार? म्हणून ते ठोकळे यंत्राखालच्या तबकात बसवतात. नव्या यंत्रांत टंगस्टनच्या पातळ पट्ट्या सरकून हव्या त्या आकाराची सावली पाडतात. डोके हलू नये म्हणून प्लास्टिकचा जाळीदार मुखवटा घालतात. तो स्वतः ढाल नव्हे. मात्र डोके हलले तर सावलीही चुकेल.

येथे खरी अडचण येते. ढाल डोळ्याला झाकते, तशी रोगालाही झाकू शकते. वरच्या जबड्याचा रोग डोळ्याच्या खोबणीला भिडला असेल आणि आपण डोळा पुरता झाकायचा हट्ट धरला, तर सावलीत रोगही सुखरूप राहील. अशा वेळी डॉक्टर जाणूनबुजून भिंगावर थोडे किरण जाऊ देतात. मोतीबिंदू पुढे काढता येतो, उलटलेला रोग सहजासहजी आवरत नाही.

आणखी एक गोष्ट. उपचार चालू असता काहींना मिटल्या डोळ्यांपुढे निळसर चमक दिसते. वेगवान कण डोळ्यातून जाताना तेथेच प्रकाश उत्पन्न होतो, त्याची ती चमक असते. डोळा भाजला असे समजून घाबरू नये. तंत्रज्ञाला तेवढे सांगावे.

पाथर्डीहून अहिल्यानगर, पुणे किंवा मुंबई गाठून सहा-सात आठवडे उपचार घेणे आधीच जिकिरीचे. भीतीपोटी ते अर्ध्यावर टाकू नयेत. पहिल्याच दिवशी विचारावे : कोणत्या डोळ्यावर किती किरण पडतील, काय वाचेल, काय वाचणार नाही? उपचार संपल्यावरही डोळे तपासून घेत राहावे. नजर अंधुक झाली, डोळा कोरडा पडू लागला, तर वय झाले म्हणून गप्प बसू नये. या किरणांपुढे पापणीचे काही चालत नाही. तेथे वेळेवर विचारलेला प्रश्नच डोळ्याची राखण करतो.