जुन्या मोटारी, धुराचा कायदा आणि आमचे कारागीर

आम्ही कापडाचे व्यापारी. मोटारीशी आमचा संबंध सीटचे कापड आणि रेक्झिन यांच्यापुरता. परंतु या मालाच्या निमित्ताने गॅरेजवाल्यांकडे आमचे जाणे-येणे असते आणि त्यांच्या धंद्याची सुखदुःखे कानावर पडतात. मुंबईत कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड असो, चोरबाजार असो की पुण्याची नाना पेठ, जुन्या गाड्यांच्या कामात आमच्या कारागिरांचा हात मोठा आहे. पत्रा ठोकणारा, रंग मारणारा, वायरिंग करणारा, कुशन शिवणारा आणि इंजिन बांधणारा मिस्त्री अशी पाच-सहा घरे एका जुन्या फियाटवर चालतात.

अलीकडे शौकीन लोक जुनी गाडी घेतात आणि तिच्यात बदल करून मागतात. कोणाला फियाटमध्ये डिझेल इंजिन हवे असते, कोणाला बुलेटला मोकळा सायलेन्सर, तर कोणाला जीपची बॉडी कापून नवी. पैसे चांगले मिळतात, म्हणून कारागीर होकार देतो. या होकारामागे कायद्याचे काय ओझे आहे, ते आमच्या बांधवांना ठाऊक असावे म्हणून हा लेख.

जुन्या इंजिनाला कायदा कठोर नाही

पहिला गैरसमज असा, की नवे नियम आले, बीएस-६ आले, आता जुनी गाडी पी.यू.सी.मध्ये पास होणारच नाही. तसे नाही. बीएस-६ हे १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बनवणाऱ्यांसाठी लागू झाले. चालू गाडीची तपासणी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११५ प्रमाणे होते आणि गाडी ज्या काळात बनली त्या काळाप्रमाणे तिची मर्यादा ठरते.

बीएस-२ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला, इंजिन आयडलिंगवर असताना, कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालते. बीएस-२ आणि बीएस-३ च्या गाडीला हीच मर्यादा अर्धा टक्का आणि ७५० पीपीएम आहे. ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के. हायड्रोकार्बन टू-स्ट्रोक येझदी किंवा राजदूत असो की फोर-स्ट्रोक बुलेट, ९००० पीपीएम. जुन्या डिझेल गाडीच्या धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज.

म्हणजे १९७० ची फियाट नीट बांधलेली असेल तर ती पास होते. नापास होते ती हयगयीमुळे. एअर फिल्टर तुंबलेला, कार्बोरेटरमधून पेट्रोल जास्त जाणारे, पॉइंटचा गॅप बिघडलेला, प्लग काळे, रिंगा झिजून ऑइल जळणारे. तपासणीपुरता मिक्श्चरचा स्क्रू आवळायचा आणि बाहेर आल्यावर पुन्हा सैल करायचा, ही युक्ती काही जण करतात. त्याने कागद मिळतो, पण गाडी पेट्रोल खातच राहते आणि त्या धुरात दिवसभर उभा राहणारा आमचाच कारागीर असतो.

पेट्रोलही बदलले आहे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जुन्या इंजिनाच्या मऊ व्हॉल्व्ह सीटला शिशाचा आधार होता, तो गेला. म्हणून हेड उघडले असेल तेव्हा कडक सीट बसवणे फायद्याचे. आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर आले आहे. जुने रबरी पाइप आणि डायफ्राम त्याने लवकर खराब होतात, आणि जुन्याच जेटवर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते. पाइप बदलणे आणि जेट तपासणे हे काम गाडीमालकाला आधीच सांगून करावे.

खरी अडचण बदलाची

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आर.सी. बुकातील तपशील कारखान्याने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच स्पष्ट केले. इंजिन बदलायचे असेल तर आर.टी.ओ.ची परवानगी लागते. सी.एन.जी., एल.पी.जी. किंवा बॅटरीवर गाडी न्यायची असेल तर मान्यताप्राप्त संस्थेने मंजूर केलेलेच किट बसवावे लागते. पुण्याची ए.आर.ए.आय. ही अशी एक संस्था. किटची मंजुरी आपल्या मॉडेलला लागू आहे का, हे आधी विचारावे आणि बसवल्यावर इंधनाची नोंद आर.सी.मध्ये करून घ्यावी.

समजा, पेट्रोलच्या गाडीत कोणी न विचारता डिझेल इंजिन बसवले. आर.सी.मध्ये इंधन पेट्रोल, इंजिन नंबर दुसरा. २०२१ पासून पी.यू.सी.चा कागद देशभर एकाच नमुन्याचा झाला आहे आणि त्याची माहिती सरकारच्या वाहन नोंदीशी जोडलेली असते. आता डिझेलची तपासणी करावी तर नोंद पेट्रोलची, आणि पेट्रोलची करावी तर इंजिन डिझेलचे. खरा कागद मिळण्याचा रस्ताच बंद होतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते. त्या वेळी इंजिन आणि चॅसिस नंबर पाहिला जातो आणि प्रकरण तिथे उघडे पडते.

दंडही लहान नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. धूर आणि आवाजाच्या नियमभंगाला कलम १९० खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बुलेटचा मोकळा सायलेन्सर यातच येतो.

कारागिराने लक्षात ठेवावे

आमच्या बांधवांना वाटते, गाडी मालकाची, दंड मालकाला, आपण तर मजुरी घेतली. येथे फार मोठी चूक आहे. याच कलम १८२-अ मध्ये गाडीत नियमाविरुद्ध बदल करणाऱ्या डीलरला एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही सांगितले आहे. आणि कायद्याच्या सुरुवातीच्या व्याख्येत, कलम २ (८) मध्ये, गाड्या दुरुस्त करण्याचा धंदा करणाराही 'डीलर' या शब्दात धरला आहे. म्हणजे गॅरेजवाला या कलमाच्या बाहेर नाही. वीस हजारांच्या मजुरीपायी एक लाखाची जोखीम घ्यावी का, हा हिशोब प्रत्येकाने करावा.

म्हणून आमची सूचना अशी. काम घेण्यापूर्वी आर.सी. पाहा आणि इंजिन व चॅसिस नंबर ताडून घ्या. इंजिन किंवा इंधन बदलायचे असेल तर आर.टी.ओ.ची परवानगी हातात आल्याशिवाय पाना लावू नका. कामाचा अंदाज लिहून द्या आणि त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्या. जुने इंजिन घेताना त्याची पावती मागा, कारण चोरीचा माल गळ्यात आला तर पुरावा आपल्याकडे हवा. आम्ही कापडाचा तागा बिलाशिवाय घेत नाही, मग इंजिन बिलाशिवाय का घ्यावे?

मूळ रूप राखण्यात रोजी आहे

१५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी यात येते. अट एकच मोठी आहे. गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल झालेला नसावा. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपये. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्ही ए' ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येते.

दुसऱ्या बाजूला, ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील साध्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये आणि आयात मोटारीची ८०,००० रुपये झाली. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील खासगी गाडीला पर्यावरण कर वेगळा. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर कोर्टाचे बंधन आहे आणि २०२५ मध्ये त्यात फेरबदलही झाले, म्हणून तिकडे गाडी पाठवणाऱ्याने ताजा आदेश पाहावा.

यातून धंद्याची गोष्ट समजून घ्यावी. १९७५ ची गाडी २०२५ मध्ये पन्नाशीला पोहोचली, पुढे दर वर्षी आणखी गाड्या येतील. त्यांच्या मालकांना मूळ कार्बोरेटर दुरुस्त करणारा, मूळ पत्र्याला आकार देणारा, मूळ नमुन्याचे कुशन शिवणारा माणूस लागेल. बॉडी कापलेली गाडी त्या रांगेतून कायमची बाद होते. ज्यांच्या बापजाद्यांनी फियाट आणि विलीज जीप हाताने उघडून बसवल्या, त्यांच्या हातात ही विद्या आहे. तिचे मोल आता वाढते आहे. आमच्या तरुण मिस्त्रींनी ती वडीलधाऱ्यांकडून आजच शिकून घ्यावी, आणि गॅरेजच्या भिंतीवर पी.यू.सी.च्या मर्यादांचा एक तक्ता लावावा, म्हणजे गिऱ्हाईक बदलाची मागणी घेऊन आले की त्याला तिथेच दाखवता येईल.