बेवड आणि नत्राची वाट

शेगावच्या परिसरात, पूर्णाखोऱ्यातील काळ्या जमिनीत, तूर आणि हरभरा ही पिके पिढ्यानपिढ्या घेतली जातात. आणि द्विदल पिकाचा बेवड चांगला, हे तेथील शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. ‘बेवड’ हा शब्द मोठा नेमका आहे. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण तो सांगतो; त्या गुणाचे कारण मात्र सांगत नाही. ते कारण हेलरीगेल व विलफार्त या जर्मन संशोधकांनी १८८६ ते १८८८ या काळात उजेडात आणले. द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत राहणारे जंतू हवेतील नत्र बांधतात, हे ते कारण होय.

परंतु बांधलेला नत्र मुळापासून शेंड्यापर्यंत जातो कसा? गाठीत प्रथम अमोनिया तयार होतो. तो साचल्यास पेशींना घातक ठरतो. म्हणून त्यास तत्काळ ग्लुटामीन या संयुगात गुंतविले जाते. येथून पुढे दोन पिकांच्या वाटा वेगळ्या होतात. हरभरा हा नत्र मुख्यतः ॲस्पॅराजीनच्या रूपाने प्रकाष्ठातून, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या वाहिन्यांतून, पाठवितो. तूर, आणि तिच्याप्रमाणेच मूग, उडीद व सोयाबीन, आधी प्युरीन घडवितात आणि त्याचे रूपांतर ॲलंटॉइन व ॲलंटॉइक आम्ल यांत करतात. यातील हिशेब पाहण्याजोगा आहे. ॲस्पॅराजीनच्या रेणूत कर्बाच्या ४ अणूंमागे नत्राचे २ अणू असतात. ॲलंटॉइनमध्ये ४ मागे ४. म्हणजे तेवढ्याच कर्बावर तूर दुप्पट नत्र वाहून नेते. कर्ब पानांनी सूर्यप्रकाशात मिळविलेला असतो, तेव्हा ही काटकसर क्षुल्लक नव्हे. मात्र ॲलंटॉइन थंड पाण्यात कमी विरघळते. खरिपातील पिकांनी ही वाट धरावी आणि थंडीतील हरभऱ्याने दुसरी, यात संगती असावी असे सुचविले गेले आहे.

दाणा भरू लागला की पानांतील प्रथिने मोडतात आणि त्यांतील नत्र परिकाष्ठातून शेंगांकडे वळतो. बेवडाचा खरा प्रश्न येथेच उद्भवतो. दाण्याबरोबर जो नत्र बाजारात गेला, तो जमिनीस अंतरला. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिन असते. उलट तुरीची बरीच पाने पीक उभे असतानाच शेतात गळतात. तेव्हा द्विदल म्हणून सर्वांचा बेवड सारखाच धरणे बरोबर नाही. शिवाय जमिनीत नायट्रेट मुबलक असले की गाठी कमी धरतात व त्यांचे काम मंदावते. अशा वेळी द्विदल पीकही पुष्कळसा नत्र मातीतूनच उचलते. फुलोऱ्याच्या सुमारास रोप उपटून गाठ नखाने फोडावी: आत तांबूस दिसली तर ती कामात आहे, हिरवट दिसली तर तिचे काम संपले आहे.