यंत्रांची हजेरी

वसतिगृहांत रात्रीं हजेरी होते ती तुमच्यापैकीं पुष्कळांच्या परिचयाची आहे. सुपरिंटेंडेंटसाहेबांच्या हातांत एक वही असते. कोणता मुलगा कोणत्या खोलींत असावयास पाहिजे, कोण आजारी म्हणून दवाखान्यांत आहे, कोण रजा घेऊन घरीं गेला आहे, एवढेंच तिच्यांत लिहिलेलें असतें. साहेब वही पाहतात, खोली पाहतात, आणि दोहोंत फरक आढळला कीं चौकशी सुरू होते. नवा मुलगा आला तर वहींत एक ओळ वाढते; हजेरी घेण्याची रीत बदलावी लागत नाहीं. आजकाल शेंकडों यंत्रांवर देखरेख ठेवण्याचें काम ज्या युक्तीनें चालतें, ती युक्ति म्हणजे बहुतांशीं ही वहीच होय.

हीं यंत्रें कोठलीं, असें तुम्ही विचाराल. त्यासाठीं फार दूर जावयास नको. पुण्याच्या उत्तरेस सुमारें ८० किलोमीटरांवर, नारायणगांवाजवळ खोडद येथें, प्रा. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांच्या कल्पनेंतून उभी राहिलेली जी. एम. आर. टी. ही प्रचंड रेडिओ-दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. पैकीं १४ मध्यभागीं सुमारें एक किलोमीटरच्या आवारांत उभ्या आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर, सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत, शेतांच्या आणि वाड्यांच्या मधून पसरलेल्या आहेत. या दुर्बिणीचा कारभार पाहणारें राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आपल्याच शहरांत, गणेशखिंडीस विद्यापीठाच्या आवारांत आहे. फेब्रुवारीच्या २८ तारखेस, विज्ञानदिनीं, खोडदला प्रदर्शन भरतें, तें पालकांनीं मुलांस अवश्य दाखवावें. मात्र मोबाईल बंद ठेवावा लागतो. आकाशांतून येणारा संदेश इतका क्षीण असतो कीं आपली बडबड त्याला सहन होत नाहीं.

तबकडी लांबून पाहणाराला ती एकच वस्तु वाटते. वस्तुतः प्रत्येकींत तिला फिरविणाऱ्या मोटारी, संदेश ग्रहण करणारीं आणि तो वाढविणारीं उपकरणें, उष्णतामान मोजणारीं साधनें असा मोठा परिवार असतो. आंत धातूच्या बारीक तारांची जाळी असल्यामुळें वारा आरपार जातो. तथापि वाऱ्याचा वेग ताशी सुमारें ४० किलोमीटरांच्या पलीकडे गेला कीं निरीक्षण थांबवून तबकडीचें तोंड सरळ डोक्यावरच्या आकाशाकडे करून ती स्वस्थ ठेवावी लागते. हें वेळेवर न झालें तर काय होईल, याची कल्पना वादळांत छत्री उघडी धरणाऱ्या प्रत्येकास आहे.

तीस ठिकाणीं माणसें बसवून हें सर्व पाहणें शक्य नाहीं. म्हणून यंत्रांची विचारपूस सॉफ्टवेअर करतें. आतां खरा प्रश्न असा कीं, ठीक काय आणि बिघडलेलें काय, हें त्या सॉफ्टवेअरला कोण सांगतो?

एक रीत आज्ञेची आहे. प्रोग्रॅम लिहिणारा त्याच्या पोटांतच लिहून ठेवतो: पहिल्या तबकडीकडे जा, वेग विचार, चाळीसाहून अधिक असल्यास घंटा वाजव, मग दुसरीकडे जा. थोड्या यंत्रांपुरती ही रीत वाईट नाहीं. परंतु कालांतरानें तो चाळीसचा आंकडा दहा ठिकाणीं गाडला जातो. बदलावयाचा झाल्यास प्रोग्रॅम उघडावा लागतो, नऊ ठिकाणीं बदलतो, दहावें राहून जातें. आणि ज्यानें तो लिहिला तो गृहस्थ नोकरी सोडून गेला म्हणजे आंकडा तेथें कां होता हेंही त्याच्याबरोबर जातें.

दुसऱ्या रीतीला इंग्रजींत डिक्लरेटिव्ह म्हणतात. आपण तिला स्थितिकथनाची रीत म्हणूं. तींत प्रोग्रॅम निराळा आणि वस्तुस्थितीची वही निराळी. या वहीलाच कॉन्फिगरेशन फाईल म्हणतात. ती साध्या अक्षरांत लिहिलेली असते आणि कोणालाही वाचतां येते. खालचा नमुना केवळ समजुतीसाठीं मीं रचला आहे. तो खोडदचा नव्हे.

यंत्र : वातमापक, तबकडी ७
मोजावयाचें : वाऱ्याचा वेग
एकक : ताशी किलोमीटर
किती वेळानें : दर १० सेकंदांनीं
योग्य मर्यादा : ४० पर्यंत
ओलांडल्यास : नियंत्रण-कक्षास इशारा

यांत जा, कर, विचार असें एकही क्रियापद नाहीं, हें ध्यानांत घ्या. काय असावें एवढेंच सांगितलें आहे. तें कसें साधावें हें सॉफ्टवेअर पाहून घेतें. तें फाईल वाचतें, ज्या यंत्रावर देखरेख सुरू नाहीं तेथें सुरू करतें, ज्याचें नांव फाईलींतून काढलें तेथील बंद करतें, आणि बाकीच्यांना हात लावीत नाहीं. त्यामुळें तीच फाईल दोनदां वाचली तरी अनर्थ होत नाहीं. 'आणखी एक पहारेकरी बसव' ही आज्ञा चुकून दोनदां दिली तर दोन पहारेकरी बसतात; 'दारावर एक पहारेकरी असावा' हें वाक्य शंभरदां वाचलें तरी एकच राहतो. मला या सगळ्या प्रकरणांत हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

दुसरा लाभ असा कीं फाईलीच्या जुन्या प्रती जपून ठेवतां येतात. कोणती ओळ कोणीं, कोणत्या दिवशीं, कां बदलली हें मागाहून दिसतें; आणि बदल अंमलांत येण्यापूर्वीं तो दुसऱ्या जाणत्या माणसानें वाचावा असा नियम घालतां येतो.

यंत्रें हजारोंनीं वाढलीं कीं याखेरीज गत्यंतर राहत नाहीं. 'स्क्वेअर किलोमीटर ॲरे' या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीची उभारणी डिसेंबर २०२२ मध्यें सुरू झाली. तिच्या आराखड्यांत दक्षिण आफ्रिकेंत १९७ तबकड्या आणि ऑस्ट्रेलियांत १,३१,०७२ लहान अँटेना आहेत. या सर्वांवर हुकमत चालविणाऱ्या व्यवस्थेचा आराखडा करणाऱ्या अनेक देशांच्या गटाचें नेतृत्व पुण्याच्या वरील केंद्राकडे होतें. यंत्रांशीं बोलण्यासाठीं तेथें 'टँगो' ही प्रणाली घेतली आहे. ती मूळची फ्रान्समधील ग्रनोबल येथील प्रयोगशाळेची. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या संशोधकांनीं तर अशा कामांसाठीं एक वर्णनाची भाषाच बनविली. यंत्र कोणत्या आज्ञा घेतें, कोणत्या वार्ता देतें, धोका कशास म्हणावयाचें, हें त्या भाषेंत लिहिलें म्हणजे प्रोग्रॅमचा पुष्कळ भाग त्या वर्णनापासून आपोआप तयार होतो.

एवढ्या थोर कामापुढें माझा अनुभव अगदींच लहान आहे, पण तो सांगितल्याशिवाय चित्र पुरें होणार नाहीं. एका इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीवर आम्हीं असेंच देखरेखीचें साधन बसविलें. फाईल मीं लिहिली: मोजमाप ३० सेंटिमीटरांहून कमी झाल्यास इशारा द्यावा. पाणी संपत आलें कीं घंटा वाजेल, असा माझा हिशेब. परंतु तें साधन झांकणाच्या आंतल्या बाजूस बसविलेलें होतें, आणि तें पाण्याची खोली मोजीत नसून झांकणापासून पाण्यापर्यंतचें अंतर मोजीत होतें! टाकी कांठोकांठ भरली कीं अंतर कमी होई व घंटा वाजे. टाकी भरल्याची सूचना मिळते म्हणून रहिवासी खूष होते. पुढें एके सकाळीं, मुलांच्या परीक्षेच्याच दिवशीं, नळ कोरडे पडले. मीं धांवत जाऊन पाहिलें, तों अंतर १४० दाखवीत होतें आणि शेजारीं हिरव्या अक्षरांत 'सर्व ठीक' असें लिहिलेलें होतें. सॉफ्टवेअरनें कांहींच चुकविलें नव्हतें. मीं जें खरें म्हणून लिहून दिलें होतें, त्याची तें इमानानें राखण करीत होतें.

दुरुस्तीला दोन मिनिटें लागलीं. '३० हून कमी' काढून '१२० हून अधिक' असें लिहिलें, आणि ती ओळ मीं प्रथम खालच्या मजल्यावरील प्लंबरला वाचून दाखविली. त्यानें विचारलें, "सर, हें वरून मोजतें कीं खालून?" त्याचें उत्तर आतां त्या फाईलींत, आंकड्याच्या वरच्या ओळींत, लिहिलेलें आहे.