६५ मिलिमीटरच्या अलीकडे

माझ्या लहानपणी हिंगोलीकडे पाऊस कोणी मिलिमीटरमध्ये मोजत नसे. बांधाजवळ माती उकरायची, ‘वीतभर ओल गेली’ म्हणायचे आणि पेरणी ठरवायची. आज आमच्या चुलत्यांच्या तोंडीही मिलिमीटरचीच भाषा आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी. त्याच्या अलीकडे तो नुसता पाऊस!

काही वर्षांपूर्वी आमच्या सोयाबीनमध्ये एका रात्रीत गुडघाभर पाणी साचले. मंडळाचे पर्जन्यमापक यंत्र मात्र दुसऱ्या गावी. तिथे पाऊस बेताचाच झाला होता. यंत्र खोटे बोलले नाही. पण चुलते म्हणाले, "आभाळ फाटलं आमच्या शिवारात अन् मोजमाप दुसऱ्याच्या. आता कोणाला दाखवावं?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

पुढे ऐन पोळ्याला, १ आणि २ सप्टेंबर २०२४ रोजी, जिल्ह्यावर असा पाऊस कोसळला की आकड्याविषयी वादच उरला नाही. बैल सजवायच्या दिवशी माणसे खरवडून गेलेली माती पाहत उभी होती.

शास्त्रज्ञ सांगतात, हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरते. म्हणजे पाऊस लांबला तरी आभाळात पाणी साठतच असते आणि पडते तेव्हा एकदम पडते. हवामानबदल हा परिषदांमधला शब्द आमच्या काळ्या जमिनीत असा दुहेरी उतरतो : आधी खंड, मग लोंढा.

यावर कोणी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुष्काळाच्या १९७२ या वर्षीच स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने कोरडवाहू शेतीवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. तेथील शास्त्रज्ञ सोयाबीनसाठी रुंद वरंबा-सरी पद्धतीचा आग्रह धरतात. वरंब्यावर पीक, दोन्ही बाजूंना सरी. पाऊस कमी झाला तर सरीत पाणी मुरते, जास्त झाला तर सरीवाटे निघून जाते. युक्ती साधी आहे. पण ते पेरणीयंत्र वेळेवर मिळाले पाहिजे.

शासनानेही पावले टाकली. केंद्राने २००८ मध्ये हवामानबदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला. पुढे २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्यात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. त्यातील १५ जिल्ह्यांत हिंगोली होता. शेततळे, ठिबक यांचे अनुदान थेट खात्यावर आले. परंतु अनुदानासाठी आधी खर्च करावा लागतो आणि ज्याच्या गाठीला पैसा नाही तो रांगेत मागेच राहतो. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने कसे काढले जाते, याचाही नमुना आहे. कृषी विज्ञान केंद्रांतून हवामानाचा सल्ला देणारे जिल्हास्तरीय विभाग देशभर २०२४ मध्ये बंद करण्यात आले.

आणि व्यापार? वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला किंमत आली, पण शेतात पाणी तुंबले की कंदकूज मानांकन विचारीत नाही. तो धोका व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर दिसत नाही. तो उत्पादकाच्या पदरी राहतो. विम्याची कथाही अशीच. खरीप २०२३ पासून एक रुपयात पीकविमा मिळू लागला. २०२५ मध्ये ती सवलत गेली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातील मंडळाच्या उत्पन्नावर ठरू लागली. म्हणजे पुन्हा सरासरीच! मंडळ तरले, तर बुडालेल्या शेताचा हिशेब कोण ठेवणार?

खरा प्रश्न इथेच आहे. शास्त्रज्ञ शेत पाहतो, सरकार मंडळ पाहते आणि कंपनी आपली जोखीम. पाऊस मात्र शिवारागणिक पडतो. गावोगावी पर्जन्यमापक आणि दर गटाला एक वरंबा-सरीचे यंत्र, एवढे जरी झाले तरी आराखड्यांतले बरेच शब्द जमिनीवर येतील.

यंदा चुलत्यांनी अर्ध्या रानात वरंबे पाडले. "उरलेल्या रानाचं काय?" मी विचारले. ते म्हणाले, "यंत्राचा नंबर लागला नाही." मग सवयीने वाकून त्यांनी माती उकरली. ओल वीतभर होती.