कबरीवरचा धोंडा

ईस्टरच्या पहाटे कबर रिकामी आढळली, ही कथा ख्रिस्ती माणूस दरसाल ऐकतो. पण ती रोज जगायची कशी? योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित ख्रिस्त सरोवराकाठी भेटतो. रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांना तो निखाऱ्यावरची मासळी न्याहारीला वाढतो. मरणावरचा विजय असा विस्तवापाशी येऊन बसतो!

केडगावच्या 'मुक्ती'त हेच घडले. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) स्वतः विधवा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. जगाच्या लेखी त्या मेल्यातच जमा होत्या. बाईंनी त्यांना आधी अन्न दिले, मग अक्षरे, मग हाताला काम : शेती, विणकाम, छापखाना. धर्मांतरावरून वाद माजले, आजही माजतात. पण जिला सर्वांची दारे बंद, ती स्वकष्टाची भाकर खाऊ लागली, हे कोण नाकारील? १९२१ साली एकुलती कन्या मनोरमा गेली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराची लेखणी बाईंनी खाली ठेवली नाही.

वाचकहो, गुड फ्रायडे प्रत्येकाच्या घरी येतो. दुसऱ्याच्या कबरीवरचा धोंडा सारायला जो सकाळी उठतो, त्याचा ईस्टर मात्र रोजचाच!