आलिग्येरी : एका विरळ इटालियन आडनावाची व्युत्पत्ती, अर्थ व प्रसार

एखाद्या आडनावाचा अर्थ काय, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा त्या एका प्रश्नात वस्तुतः तीन प्रश्न एकत्र आलेले असतात. ते नाव कोणत्या शब्दापासून निघाले, हा पहिला. ते त्या कुळाकडे कोणत्या मार्गाने आले, हा दुसरा. आणि ते धारण करणाऱ्यांनी त्याचा अर्थ काय मानला, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर ध्वनिविचार देतो, दुसऱ्याचे दप्तर देते, तिसऱ्याचे कुलपरंपरा देते. या तीन साक्षींची सरमिसळ झाली म्हणजे आडनावांच्या अभ्यासात चुकीचे निष्कर्ष सहज रूढ होतात. प्रस्तुत लेखात या भेदाचे विवेचन एका इटालियन आडनावाच्या आधारे करावयाचे आहे. ते आडनाव म्हणजे आलिग्येरी.

महाकवी दान्ते (१२६५–१३२१) याच्यामुळे हे नाव जगभर परिचित झाले आहे. परंतु आडनाव म्हणून ते खुद्द इटलीत अत्यंत विरळ आहे. हा विरळपणा कशामुळे आला, याचाही विचार ओघाने करावा लागेल.

१. कवीची साक्ष

या आडनावाच्या उगमासंबंधीची सर्वांत प्रसिद्ध साक्ष स्वतः दान्तेची आहे. ‘दिव्हिना कोम्मेदिया’च्या स्वर्गखंडातील पंधराव्या सर्गात त्याला आपला खापरपणजा काच्चाग्वीदा भेटतो आणि कुळाची माहिती सांगतो. या सर्गात आडनावासंबंधी दोन विधाने येतात. ज्याच्यावरून तुझ्या कुळाचे नाव पडले तो माझा मुलगा, तुझा पणजोबा, असे पहिले विधान आहे. माझी पत्नी पो नदीच्या खोऱ्यातून आली आणि तेथूनच तुझे आडनाव उत्पन्न झाले, असे दुसरे आहे.

वरवर पाहता या दोन विधानांत विसंगती दिसते. नाव मुलावरून पडले की मातेवरून? परंतु नामकरणाची रीत लक्षात घेतली म्हणजे ती विसंगती उरत नाही. मातेच्या माहेरचे नाव मुलाला व्यक्तिनाम म्हणून ठेवले गेले आणि त्या मुलाच्या व्यक्तिनामावरून पुढील वंशाचे आडनाव झाले, असा दोहोंचा मेळ बसतो. दान्तेने येथे योजलेला ‘सोप्रानोमे’ हा शब्दही लक्षणीय आहे. आजच्या इटालियन भाषेत आडनावाला ‘कोन्योमे’ म्हणतात आणि ‘सोप्रान्नोमे’चा अर्थ टोपणनाव असा झाला आहे. दान्तेच्या काळी आडनावाची संस्था अद्याप स्थिर व्हावयाची होती, हे या शब्दाच्या वापरावरूनही सूचित होते.

चौदाव्या शतकाच्या मध्यास बोक्काच्चोने लिहिलेल्या दान्तेचरित्रात ही स्त्री फेर्रारा येथील आल्दिग्येरी कुळातील होती असे सांगितले आहे. पुढे त्या नावातील एक अक्षर, म्हणजे दकार, गळून आलिग्येरी हे रूप झाले, असेही तो म्हणतो. फेर्रारा हे पोच्या खोऱ्यातीलच नगर असल्याने बोक्काच्चोचे कथन कवीच्या विधानाशी जुळते. तथापि त्याने ते विधान वाचलेले होते, हे विसरून चालणार नाही. एका साक्षीवर आधारलेली दुसरी साक्ष स्वतंत्र पुरावा ठरत नाही.

२. दप्तराची साक्ष

काव्याबाहेरचा महत्त्वाचा पुरावा ९ डिसेंबर ११८९ च्या एका लेखात मिळतो. त्यात प्रेइतेनित्तो व आलाग्येरी हे दिवंगत काच्चाग्वीदाचे दोन पुत्र फ्लॉरेन्समधील सान मार्तीनो चर्चच्या धर्मगुरूला असे वचन देतात की, चर्चच्या भिंतीलगत वाढलेले अंजिराचे झाड आम्ही तोडून टाकू. प्रकरण अगदी क्षुल्लक आहे. पण त्यामुळेच या लेखाची विश्वसनीयता मोठी आहे. झाड तोडण्याच्या करारात कुळाचा मोठेपणा वाढवून सांगण्याचे कोणालाही कारण नव्हते. काच्चाग्वीदा ही ऐतिहासिक व्यक्ती होती आणि तिच्या एका पुत्राचे नाव आलाग्येरी होते, या दोन्ही गोष्टी या लेखाने सिद्ध होतात.

दप्तराने कवीची एक चूकही उघड केली आहे. स्वर्गखंडात म्हटले आहे की, हा पणजोबा शुद्धिपर्वताच्या पहिल्या कड्यावर शंभराहून अधिक वर्षे फेऱ्या घालीत आहे. काव्यातील यात्रा १३०० सालची आहे. परंतु हाच गृहस्थ १२०१ मध्ये हयात असल्याचे कागदपत्रांत आढळते. म्हणजे त्याच्या मृत्यूला १३०० साली शंभर वर्षे झालेलीच नव्हती. आपल्या पणजोबाच्या मृत्यूचा काळ दान्तेला नेमका ठाऊक नव्हता, हे उघड आहे.

या ठिकाणी अभ्यासकाला एक अवघड निर्णय करावा लागतो. जो साक्षीदार कालाच्या बाबतीत चुकला, त्याचे मातृकुळाविषयीचे विधान ग्राह्य मानावे काय? माझ्या मते दोन्ही विधाने एकाच मापाने मोजता येणार नाहीत. मृत्यूचे वर्ष कुटुंबाच्या स्मृतीतून लवकर पुसले जाते. आपले नाव कोठून आले ही हकीकत मात्र नावाबरोबरच पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते. दान्तेचे विधान म्हणून फेटाळावयाचे नाही. पण ते सिद्धही मानावयाचे नाही. त्याला दुजोरा मिळावयाचा तर तो भाषेच्या अंगाने मिळाला पाहिजे.

३. रूप व व्युत्पत्ती

दान्तेच्या हस्ताक्षरातील एकही ओळ, त्याची सहीदेखील, आज उपलब्ध नाही. त्यामुळे त्याच्या नावाचे जे जे रूप आपण वाचतो ते कोणा ना कोणा लेखनिकाचे किंवा नकलनविसाचे असते. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहातील ‘कोम्मेदिया’चे जुने हस्तलिखितही याला अपवाद नाही. जुन्या कागदपत्रांत व हस्तलिखितांत आलागेरी, आल्लागेरी, आलाग्येरी, आल्लिग्येरी अशी अनेक रूपे आढळतात. आज रूढ असलेले आलिग्येरी हे रूप प्रमाण ठरले ते बोक्काच्चोच्या प्रभावामुळे.

या सर्व रूपांच्या मुळाशी आल्दिगेर हे जर्मानिक व्यक्तिनाम आहे, असे व्युत्पत्तिकार मानतात. लोंबार्द व फ्रँक लोकांच्या सत्तेबरोबर अशी नावे उत्तर इटलीत मोठ्या संख्येने आली. या नावाचे दोन घटक आहेत. ‘आल्द’ म्हणजे वयाने वाढलेला, जुना. जर्मन ‘आल्ट’ व इंग्रजी ‘ओल्ड’ हे त्याचेच सगोत्र शब्द होत. ‘गेर’ म्हणजे भाला. जेरार्ड, रॉजर, एडगर या नावांत हाच घटक आहे. मात्र दोन्ही घटक जोडून ‘जुना भाला’ असा अर्थ करणे अशास्त्रीय ठरेल. जर्मानिक नामपद्धतीत घटकांची निवड पुष्कळदा पूर्वजांच्या नावांतून केली जाई आणि त्यांच्या जोडणीतून सुसंगत सामासिक अर्थ निघावा अशी अपेक्षा नसे. प्रत्येक घटकाला अर्थ आहे. संपूर्ण नावाला तो असेलच असे नाही.

ध्वनिपरिवर्तनाचा क्रमही समजण्यासारखा आहे. ‘ल्द’ या संयोगातील दकाराचे लकारात समीकरण होऊन ‘ल्ल’ झाला. द्वित्त लकाराची जी रूपे वर आली ती या मधल्या अवस्थेची द्योतक मानता येतात. पुढे द्वित्त जाऊन एकच लकार उरला. बोक्काच्चोने अक्षर ‘गळाले’ असे म्हटले ती हीच प्रक्रिया होय. ‘-येरी’ हा शेवट बेर्लिंग्येरीसारख्या नावांतही दिसतो. बेरेंगार या जर्मानिक नावाचे ते इटालियन रूप आहे. अंत्य ईकाराची उपपत्ती दोन प्रकारे लावता येते. तो लॅटिन षष्ठीचा अवशेष असेल, म्हणजे ‘आलिग्येरोचा पुत्र’. किंवा कुळवाचक अनेकवचन असेल, म्हणजे ‘आलिग्येरो घराण्यातील’. दान्तेच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडतात, कारण पणजोबाचेच नाव फिरून त्याच्या पित्यालाही ठेवलेले होते.

मग पोच्या खोऱ्याचे काय? आल्दिग्येरी व आल्देगेरी ही दकार टिकवून ठेवणारी आडनावे आजही मुख्यतः व्हेरोना परिसरात आढळतात. १८७६ मध्ये मिलान येथे ‘ला जोकोन्दा’ या संगीतिकेच्या पहिल्या प्रयोगात बार्नाबाची भूमिका गाणारा गोत्तार्दो आल्दिग्येरी हा गार्दा सरोवराच्या काठच्या लात्सीझे गावचा. या आडनावांच्या भौगोलिक वाटणीने दान्तेच्या खापरपणजीचे माहेर सिद्ध होत नाही. पण हे नाव उत्तरेकडचे, ही कौटुंबिक आठवण भाषिकदृष्ट्या संभाव्य ठरते. काव्यातील विधानाला एवढाच दुजोरा मिळतो आणि एवढ्यावरच समाधान मानले पाहिजे.

४. पंखाचा अर्थ

पुढे या कुळाने आपल्या नावाचा एक वेगळाच अर्थ स्वीकारला. लॅटिनमध्ये ‘आलिगेर’ असे विशेषण आहे. ‘आला’ म्हणजे पंख व ‘गेरेरे’ म्हणजे धारण करणे, यांपासून ‘पंख धारण करणारा’ असा त्याचा अर्थ होतो. फ्लॉरेन्समधील आलिग्येरींच्या कुलचिन्हात पंख नव्हता. व्हेरोनातील शाखेच्या ढालीवर मात्र निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी पंख आला.

ही लोकव्युत्पत्ती होय. आणि येथील ‘लोक’ अशिक्षित नसून लॅटिनज्ञ होते, हे विशेष. तिच्याविरुद्धचा पुरावा निर्णायक आहे. लॅटिन ‘आलिगेर’पासून आलेला ‘आलीजेरो’ हा शब्द इटालियन काव्यभाषेत आहे आणि त्यातील गकाराचा नियमाप्रमाणे जकार झालेला आहे. आलिग्येरीतील गकार मात्र कठोर राहिला. शिवाय दकाराची व द्वित्त लकाराची रूपे पंखाच्या व्युत्पत्तीने उलगडत नाहीत. व्युत्पत्ती म्हणून पंख त्याज्य ठरतो. परंतु इतिहास म्हणून तो त्याज्य नाही. त्या कुळाने आपल्या नावात काय पाहिले, याचा तो पुरावा आहे. भाल्याचा विसर पडलेल्या वंशजांना नावात पंख दिसला आणि तो त्यांनी आपल्या ढालीवर कोरला.

५. विरळपणाची कारणे

इटलीत आडनावांची विविधता फार मोठी आहे. सर्वांत अधिक आढळणारे रोस्सी हे आडनावसुद्धा लोकसंख्येत शेकडा एकाहून कमीच भरते. एमिदिओ दे फेलीचे यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दूरध्वनीच्या वर्गणीदारांच्या याद्यांवरून आडनावांची वारंवारता ठरविली. या पद्धतीत व्यक्ती मोजल्या जात नाहीत, वर्गणीदार मोजले जातात, ही तिची मर्यादा ध्यानात ठेवावी.

रोस्सी म्हणजे तांबूस केसांचा वा वर्णाचा. फेर्रारी म्हणजे लोहाराचा. अशी नावे शेकडो गावांत स्वतंत्रपणे उत्पन्न झाली. आलिग्येरी हे मात्र एका व्यक्तिनामाच्या एका विशिष्ट स्थानिक रूपावरून एका घराण्याला पडले. शिवाय ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रत्येक परगण्याच्या चर्चला बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी ठेवणे बंधनकारक केले. त्यानंतर आडनावांची रूपे हळूहळू स्थिर होत गेली आणि आल्दिग्येरी व आलिग्येरी ही वेगळी आडनावे म्हणून उरली.

दुसरे कारण वंशाचे. १३०२ मध्ये दान्तेला हद्दपारीची व पुढे देहान्ताची शिक्षा सुनावण्यात आली; १३१५ च्या निवाड्यात त्याचे पुत्रही गोवले गेले. ज्येष्ठ पुत्र प्येत्रो व्हेरोनात न्यायाधीश झाला आणि १३५३ मध्ये त्याने जवळच्या गार्गान्यागो येथे जमीन घेतली. सोळाव्या शतकात या शाखेतील पुरुषवंश संपुष्टात आला. त्यातील जिनेव्ह्रा आलिग्येरी हिचा विवाह १५४९ मध्ये मार्कान्तोनिओ सेरेगो याच्याशी झाला आणि तिच्या वंशजांनी सेरेगो-आलिग्येरी असे जोडनाव धारण केले. ते घराणे आजही गार्गान्यागोच्या त्याच जमिनीवर आहे.

पुरुषवंशानेच चालणारी आडनावे कालांतराने का नाहीशी होतात, हा प्रश्न फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७३ मध्ये गणितज्ञांपुढे ठेवला आणि पुढील वर्षी वॉटसन यांच्यासह त्याची मांडणी केली. दर पुरुषामागे पुत्रांची सरासरी एकाहून अधिक नसेल तर आडनावाचा लोप निश्चित असतो, हे त्या विचारातून निघणारे तत्त्व होय. ती अधिक असली तरी लोपाचा संभव उरतोच. म्हणून आडनाव नष्ट होणे आणि वंश नष्ट होणे या दोन अगदी भिन्न घटना आहेत. वारंवारतेचे आकडे पहिलीविषयी सांगतात, दुसरीविषयी नाही.

दान्तेची हकीकत खरी धरली, तर या आडनावाचा प्रवास मोठा विलक्षण ठरतो. ज्या व्यवस्थेत नाव पित्याकडून पुत्राकडे जाते, त्या व्यवस्थेत हे नाव एका स्त्रीबरोबर फ्लॉरेन्सला आले. आणि सुमारे चार शतकांनंतर दुसऱ्या एका स्त्रीमुळेच दान्तेच्या वंशात टिकले. पहिलीचे स्वतःचे नाव काव्याने सांगितले नाही. दुसरीचे नाव इतिहासाला माहीत आहे. इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने २०२२ मधील १३१ क्रमांकाच्या निर्णयाने अपत्याला आपोआप केवळ पित्याचे आडनाव लावण्याचा नियम घटनाबाह्य ठरविला. आता आईवडिलांनी एकाच आडनावावर सहमती केली नाही, तर दोघांचीही आडनावे अपत्याला मिळतात. या निर्णयाचा परिणाम आडनावांच्या वारंवारतेवर काय होतो, हे पुढील पिढ्यांचे अभ्यासक मोजतील. ती मोजणी करताना त्यांना हे स्मरणात ठेवावे लागेल की, आजवरच्या याद्यांत आढळणारा विरळपणा हा पुष्कळ अंशी वारशाच्या नियमाने निर्माण केलेला आहे.