दसरा काढताय? मग माळाही काढा!

घट बसायचे दिवस जवळ आले की केदारेश्वराच्या धर्मापुरीत, पलीकडे अंबाजोगाईत, सगळ्या मराठवाड्यातच बायका दसरा काढायला लागतात. वाकळा, गोधड्या, डबे, पातेली, सगळं अंगणात येतं, धुतलं जातं, उन्हात वाळतं. कष्ट पुरे होतात, फायदा मात्र अर्धाच पदरात पडतो. कारण धुतलेलं सगळं परत माळ्यावर चढतं. घराबाहेर काय गेलं, यावर खरा हिशेब ठरतो.

विंचवाचंच घ्या. लाल विंचू रात्री फिरतो आणि दिवसभर विटांखाली, सरपणात, कोपऱ्यातल्या पोत्याआड दडून बसतो. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडमध्ये प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून विंचूदंशाचे कितीतरी रुग्ण वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आहे म्हणून अडगळ ठेवायची असं थोडंच आहे? भिंतीला टेकलेला ढीग उपसाच, पण आत हात घालण्याआधी काठीने हलवून बघा.

डेंगीच्या डासाला जुना टायर नाहीतर फुटका माठ पुरतो. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पाणी ओतून दिलं तरी काठाला चिकटलेली अंडी कोरडी होऊन महिनोन्महिने तग धरतात. म्हणून टायर भंगारात द्या आणि पाण्याची टाकी, रांजण आतून घासून काढा.

अंथरुणातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे, जेमतेम पाव मिलिमीटरचे किडे असतात. आपल्या कातडीचा गळालेला भुगा हे त्यांचं खाणं. शिंका, दमा यांमागे बऱ्याचदा तेच असतात. त्यांना ओल लागते. वाकळ कडक उन्हात टाकणारी आजी बरोबरच करत होती!

आता मनाचं. २०१० साली डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांचा लॉस एंजेलिसमधल्या नोकरदार जोडप्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घर दाखवताना ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं जास्त आली, त्यांच्यात ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसोल, दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. संध्याकाळी त्यांचं मनही जास्त खिन्न असायचं. पसाऱ्यानेच हे घडलं असं त्यातून सिद्ध होत नाही, पण ओट्यावर हात टेकायला जागा नसलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

मग टाकवत का नाही? १९९० साली डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना साधे मग दिले आणि विकायला सांगितलं. घेणारे देऊ करत होते त्याच्या दुपटीच्या आसपास किंमत मगवाल्यांनी मागितली. वस्तू आपली झाली की तिचा भाव आपल्याच मनात चढतो. म्हणून माळा काढताना शेजारच्या वहिनींना किंवा जाऊबाईंना सोबत घ्या. बिनझाकणाच्या डब्यात त्यांचा जीव अडकलेला नसतो.